घरी आरोग्य सर्वेक्षणवाले आले होते. एवढं सगळं कशासाठी विचारतात?

माधवी_ना

परवा दुपारी एक मुलगा आणि एक मुलगी दारात उभे. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. सेक्रेटरींनी आधी फोन केला होता म्हणून आत घेतलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आरोग्याची फेरी चालू आहे म्हणाले. चांगला तासभर बसले. घरात कोण कोण जेवतं इथपासून सुरुवात. मग पंधरा दिवसांत कोणाला काय दुखलंखुपलं, वर्षभरात दवाखान्यात कोण ॲडमिट होतं, डॉक्टरची फी किती, औषधांचे किती, तपासण्यांचे किती, रिक्षाचे किती, सोबत राहिलेल्याच्या जेवणाचे किती, आणि हे पैसे आणले कुठून! सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याची फाइल काढली तर निम्मे कागदच नाहीत.

"आरोग्य विमा आहे का?" यावर तर घरातच दोन उत्तरं झाली. सासूबाई म्हणाल्या नाही. हे म्हणाले, आहे की, केशरी रेशनकार्डावर सरकारची जीवनदायी योजना. त्या मुलीनं शेवटी काय टिपलं कोण जाणे.

तर प्रश्न असे: ही मंडळी खरंच सरकारी असतात का? माहिती जाते कुठे? आणि आमच्या या अंदाजपंचे आकड्यांचा कुणाला काय उपयोग?

तिरकस

ओटीपी मागितला का? नाही ना? मग सरकारीच. (हलके घ्या.)

जुनं_शेड्यूल

माधवीताई, या कामात उभी हयात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमच्याकडे आले ते ८०व्या फेरीचे. ही फेरी जानेवारी ते डिसेंबर २०२५ अशी वर्षभराची. केंद्राची माणसं असतात, आणि राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आपला वेगळा नमुना घेतं. याआधीची आरोग्याची फेरी ७५वी, जुलै २०१७ ते जून २०१८. त्यात देशभर १ लाख १३ हजार ८२३ घरं झाली होती. ओळखपत्र बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २००८चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, त्यामुळे तुमचं नाव-पत्ता लावून माहिती बाहेर देता येत नाही. अभ्यासकांना जे आकडे मिळतात त्यातून नावं काढून टाकलेली असतात. बँक खातं, पिन, ओटीपी यातलं काहीही या कामात लागत नाही. तिरकस चेष्टेत बोलले ते खरं आहे.

तुमचंच घर का? आधी त्या भागातल्या सगळ्या घरांची यादी होते. यादी करतानाच दोन गोष्टी विचारून घेतात: घरात वर्षाच्या आतलं मूल आहे का, आणि गेल्या ३६५ दिवसांत कोणी ॲडमिट झालं होतं का. अशा घरांचे वेगळे गट करतात. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर ॲडमिट झालेली माणसं इतकी कमी हाती लागतील की त्यावर काही बोलता येणार नाही. म्हणून ती घरं प्रमाणापेक्षा जास्त घ्यायची आणि नंतर हिशेबात प्रत्येक घराला वजन लावून तोल सांभाळायचा. सासऱ्यांच्या हर्नियामुळे तुमचा नंबर लागला असणार.

"कोण कोण जेवतं" हे उगाच विचारत नाहीत. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. वर मुलगा-सून वेगळा गॅस लावत असतील तर दोन कुटुंबं, मग रेशनकार्ड एक असो नाहीतर सातबारा एक असो. गावात याच्यावर भांडणं होतात. सुनेनं "आमचं वेगळं आहे" म्हटलं आणि सासूला ते तिथेच पहिल्यांदा कळलं, असंही पाहिलंय.

आता अंदाजपंचे आकडे. कागद कोणाकडेच पूर्ण नसतात. त्यामुळे आठवण जागवावी लागते. तारीख विचारली की माणूस गप्प होतो. "गणपतीच्या आधी की नंतर?", "पेरणी झाली होती का?" असं विचारलं की सांगतो. खर्च एकरकमी विचारला तर "झाले असतील वीस हजार" हे ठरलेलं उत्तर. तेच फी, औषध, रक्त-लघवी, खाटेचे, गाडीचे असं सोडवून विचारलं की आकडा बहुतेक वेळा वर जातो. म्हणून तो तासभर.

विमा-प्रश्नावर मात्र बोलण्यासारखं बरंच आहे. जेवून येतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या यवतमाळकडे खेड्यात "विमा आहे का" विचारलं तर माणूस पीकविम्याची पावती आणून दाखवते! नाहीतर एलआयसी. दवाखान्याचाही विमा राहते हे डोक्यातच नाही. आणि गंमत अशी की आमचा जिल्हा त्या १४ जिल्ह्यांत, जिथं पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही जीवनदायी योजनेत घेतलं होतं. त्याला स्वतःलाच पत्ता नाही.

दुसरं म्हणजे, दारात टॅबवाला दिसला की पहिला विचार, रेशन कापायला आला का. पक्कं घर, गाडी, पंखा लपवायचं पाहतात लोक. आजाराचं खरं सांगतीलही, खर्चाचं सांगणार नाहीत. जास्त खर्च सांगितला तर "पैसेवाला" ठरू ही भीती.

टेकडीवरचा

धागा योग्य वेळी आला. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरी नूतनीकरणाचा हप्ता पाहून डोळे पांढरे झाले. वडिलांचा दावा "आधीपासूनचा आजार" म्हणून अर्धा कापला. कॅशलेस म्हणायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचं. सर्वेक्षणात हे विचारतात का?

जुनं_शेड्यूल

टेकडीवरचा, विचारतात, पण पैशांच्या भाषेत. एकूण खर्च किती आणि त्यातले परत किती मिळाले. डिस्चार्जला ताटकळलात त्याला रकाना नाही. तुमच्या वडिलांचं प्रकरण "विमा आहे" या खात्यातही दिसेल आणि खिशातून गेलेल्या पैशांतही. ते दोन्ही एकत्र पाहिलं तरच कळतं की विमा असूनही घर किती खचतं.

आता राहिलेलं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे "विमाधारक किती" हा आकडा विम्यापेक्षा विम्याच्या माहितीचा असतो.

पुरावा देतो. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ला ८ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ला राज्यभर. २०१७ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. पिवळं-केशरी कार्ड म्हणजे राज्यातली बहुसंख्य कुटुंबं कागदावर त्यात होती. दीड लाखांचं संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. मग २०१९मध्ये पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे लोक महाराष्ट्रात घरोघर फिरले (हे वेगळं सर्वेक्षण, काम आपल्या मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचं) आणि विचारलं, घरातल्या कोणाला आरोग्य विमा किंवा योजनेचं संरक्षण आहे का? साधारण पाचातल्या एका घरानं "हो" म्हटलं. देशाची सरासरी ४१ टक्के, राजस्थानची ८८!

म्हणजे राजस्थान आपल्यापुढे चौपट होतं का? मला पटत नाही. तिथे सरकारी योजनांसाठीचं भामाशाह कार्ड घराघरांत, तेही बाईच्या नावानं दिलेलं. आपल्याकडे योजना रेशनकार्डावरच चालायची. वेगळं कार्ड नाही, हप्ता नाही, पावती नाही. योजना आपल्याला लागू आहे हे कळायचं कधी, तर रुग्णालयाच्या दारातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी. तोवर घरात सगळं नीट असलेल्या बाईनं "विमा नाही" म्हटलं तर तिचं काय चुकलं? माधवीताई, तुमच्या सासूबाईंचं उत्तर म्हणजे राज्याचा आकडा आहे.

कक्ष_सात

रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते, म्हणून वरच्या मुद्द्याला +१. आरोग्यमित्राकडे येतात त्यातल्या कित्येकांना नातेवाईक, वॉर्डातली मावशी किंवा शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतो. तोवर बाहेर दोन-तीन ठिकाणी पैसे घालवून झालेले असतात. कानातलं गहाण टाकून मग कळतं की हे ऑपरेशन योजनेत बसत होतं.

उलटही होतं. "योजनेत फुकट झालं" असं सांगणाऱ्याला खोदून विचारलं तर ॲडमिट होण्याआधीचं सीटी स्कॅन बाहेर, एक इंजेक्शन बाहेरून, घरी गेल्यावरची महिनाभराची औषधं स्वतःची, गावाहून यायला जीपभाडं, नवरा बाहेर वडापाववर. त्याच्या लेखी हा खर्चच नाही, कारण बिल शून्याचं हातात आहे. सर्वेक्षक नवखा असेल तर शून्य टाकून पुढे जाणार. आणि बुडालेली मजुरी? ती तर उपचाराच्या खर्चात धरतच नाहीत. शेतमजुराच्या घरात कधीकधी तीच सगळ्यात मोठी रक्कम असते.

अजून एक. उत्तरं देतं कोण? दुपारी घरात पुरुष असला तर तोच. "बायकोला काही नाही हो, ठणठणीत आहे." ती आत भांडी घासताना कंबर धरून उभी. बायका दुखणं अंगावर काढतात आणि नवऱ्याच्या तोंडून तर ते अजिबात बाहेर येत नाही. पांढरं जाणं, गर्भपात, मानसिक आजार, टीबी, हे भरल्या घरात कोण सांगणार?

बेरीज_वजाबाकी

कक्ष_सात यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो.

७५व्या फेरीत "गेल्या १५ दिवसांत आजारी" असं सांगणारे ग्रामीण भागात ६.८ टक्के, शहरात ९.१. केरळ सगळ्यांच्या कितीतरी पुढे, बिहार बराच खाली. केरळमध्ये लोक जास्त आजारी पडतात म्हणून? तिथलं आयुर्मान बघा. अमर्त्य सेन यांनी २००२मध्ये यावरच लिहिलं होतं: जिथे शिक्षण आणि दवाखाना दोन्ही जवळ, तिथे माणसाला आपला आजार आजार म्हणून ओळखू येतो. जिथे नाही, तिथे गुडघे धरणं म्हणजे वय झालं, इतकंच.

आता खरी मेख. त्याआधीची ७१वी फेरी जानेवारी ते जून २०१४ची. तेव्हा हेच प्रमाण ग्रामीण ८.९ आणि शहरी ११.८ टक्के होतं. म्हणजे तीन-चार वर्षांत देशातलं आजारपण पावपट कमी झालं! शिवाय ७१व्या फेरीत पावसाळा नव्हता आणि ७५वी पूर्ण वर्षाची, पावसाळ्यासकट. मलेरिया, डेंगी, जुलाब धरून आकडा वाढायला हवा होता, तो उतरला. लोक खरंच सुधारले की विचारणं बदललं की लोक दवाखान्यात जायचेच कमी झाले? पहिल्यावर माझा विश्वास नाही.

हे का महत्त्वाचं? राष्ट्रीय आरोग्य लेखे म्हणून सरकार जे काढतं, त्यात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचा मुख्य आधार हेच सर्वेक्षण. एकूण आरोग्य खर्चातला खिशातला वाटा २०१३-१४ला ६४.२ टक्के होता, २०२१-२२ला ३९.४वर आला, असं अभिमानानं सांगतात. सरकारी खर्च वाढला हे त्यातलं एक कारण आहेच, ते नाकारत नाही. पण २०१७-१८नंतरच्या वर्षांसाठी घरांचा खर्च ७५व्या फेरीवरूनच पुढे ओढलेला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि रेमडेसिविरसाठी लोकांनी काय मोजलं, ते २०१८ला संपलेल्या सर्वेक्षणात कुठून येणार? म्हणून ८०व्या फेरीकडे डोळे लावून बसलोय.

तिरकस

म्हणजे आजारी न पडणं हा देशाच्या खर्चकपातीचा मार्ग. आणि आजारी पडलात तरी सांगू नका, तोही मार्गच.

टेकडीवरचा

सरकारी अहवालात खेड्यातला ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च १६,६७६ आणि शहरातला २६,४७५ रुपये असं वाचलं. कुठल्या जगात? आमच्याकडे डिपॉझिटच पन्नास हजार घेतात.

बेरीज_वजाबाकी

तो २०१७-१८चा, बाळंतपण वगळून काढलेला आकडा आहे. आणि त्यात सरकारी रुग्णालयही आहे. फोडून बघा: सरकारीत सरासरी ४,४५२ रुपये, खासगीत ३१,८४५. सातपट. सरासरीत ताप-जुलाबाचे दोन दिवसांचे मुक्कामही आले आणि कॅन्सरही. सगळ्यांचे खर्च चढत्या क्रमानं लावून बरोबर मधला माणूस काढला तर तो सरासरीच्या बराच खाली निघेल, आणि तुमच्या ओळखीतले बायपासवाले बरेच वर. त्या सरासरी खर्चाचं घर प्रत्यक्षात शोधून सापडणं कठीणच.

मला विचाराल तर सरासरीपेक्षा "पैसे कुठून आणले" हा रकाना बोलका. ग्रामीण भागात सुमारे ८० टक्के प्रकरणांत मुख्य आधार घरचं उत्पन्न किंवा साठवण, १३ टक्क्यांत कर्ज. पण या टक्क्यांत मुख्य आधार एकच धरलेला असतो. साठवण मोडून वर उसनेही घेतले, तर उसने मागे पडतात.

मांडवीकाठ

गोव्याचा अनुभव जुनं_शेड्यूल यांच्या म्हणण्याला पूरक आहे. आमच्याकडे २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. पाच वर्षं राज्यात राहिलेल्या जवळजवळ कोणालाही मिळते, उत्पन्नाची अट नाही. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. थोडे पैसे भरून कार्ड काढायचं. खिशातून पैसे गेले म्हणजे गोंयकार विसरत नाही! विचारा कोणालाही, कार्ड कपाटात कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगेल. बाकी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात) गेला की कार्डाशिवायही बरंच होतं, म्हणून ते वापरतात किती हा वेगळा विषय.

हडसनपार

न्यू जर्सीतून वाचतेय. जुनं_शेड्यूल यांचा मुद्दा इथेही तसाच आहे, हे पाहून मजा वाटली. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड आहे. सरकारी नोंदीत जेवढे लोक मेडिकेडवर दिसतात, त्याहून कितीतरी कमी लोक सर्वेक्षणात "हो, मी मेडिकेडवर" म्हणतात. यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलंय. एक कारण म्हणजे राज्याराज्यांत नाव वेगळं. आमच्याकडे ते फॅमिलीकेअर, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल. वर कार्डावर खासगी कंपनीचं नाव. लोकांना वाटतं आपला खासगी विमा आहे. म्हणून प्रश्नावलीत त्या त्या राज्यातली नावं घालून विचारतात. २०१४मध्ये इथल्या मोठ्या वार्षिक सर्वेक्षणात विम्याचे प्रश्नच नव्यानं बांधले, तर आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येईना.

मग तिथे "जीवनदायी आहे का", "पिवळं-केशरी कार्ड आहे का" असं का विचारत नाहीत?

जुनं_शेड्यूल

हडसनपार, चांगला सर्वेक्षक तेच करतो. "विमा" हा शब्द न वापरता "रेशनकार्ड दाखवून ऑपरेशन होतं ती योजना", "आयुष्मानचं कार्ड काढलंय का", "कंपनीतून पगारातून ईएसआयचे कापतात का" असं एकेक घेतो. पण प्रशिक्षण वर्गात सांगतात की प्रश्न जसा लिहिलाय तसाच विचारा, म्हणजे गडचिरोलीत आणि गुरुग्रामात एकच मोजमाप राहील. दोन्हीचं बरोबर आहे आणि दोन्ही एकाच वेळी होत नाही. मी स्वतः माणसाला कळेल असं विचारणाऱ्यांच्या बाजूचा. प्रश्न तसाच वाचून चुकीचं उत्तर एकसारखं देशभर गोळा करण्यात काय हशील?

आता महाराष्ट्रात गुंता आणखी वाढलाय. १ एप्रिल २०२०पासून फुले योजना आणि प्रधानमंत्री जनआरोग्य योजना (आयुष्मान) एकत्र चालतात. २०२३च्या निर्णयानं उत्पन्नाची अट काढून सगळ्याच रहिवाशांना पाच लाखांपर्यंत संरक्षण ठरलं. कागदावर पाहिलं तर आज महाराष्ट्रात "विमा नाही" असं कोणीच नाही! दारात मात्र माधवीताईंच्या सासूबाईंसारखी उत्तरं येणार. तेव्हा ८०व्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा कमी आला तर "योजना फसली" म्हणून ओरडू नका, आणि जास्त आला तर "सगळ्यांना उपचार मिळाले" म्हणूनही नाही. आधी बघा, ॲडमिट झालेल्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष पैसे परत मिळाले किंवा बिलातून वजा झाले. माझ्या मते तोच रकाना खरा.

टेकडीवरचा

आमच्या सोसायटीत वॉचमन त्यांना गेटवरूनच परत पाठवतो. सेक्रेटरी म्हणतो, लेखी पत्र आणा.

जुनं_शेड्यूल

आणि मग तेच लोक म्हणतात, अहवालात आमचा खर्च दिसत नाही! मोठ्या सोसायट्या हा या कामातला सगळ्यात अवघड डोंगर. पाड्यावर चालत जावं लागतं पण माणूस बसायला घोंगडी टाकतो. इथे लिफ्ट आहे, पण दार उघडत नाही. घर मिळालं नाही तर दुसरं बदली घर घेतात, आणि उघडणारं दार बहुतेक वेळा निवृत्तांचं असतं. पत्र त्यांच्याकडे असतंच, सेक्रेटरीला दाखवायला सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

एक शंका. आमच्या गल्लीत एक म्हातारी एकटीच राहायची. दोन महिने दवाखान्यात होती, मग गेली. घराला कुलूप. तिचा खर्च कोण सांगन?

जुनं_शेड्यूल

कोणीच नाही. वर्षभरात वारलेल्या माणसांची नोंद घेतात, त्यांच्या ॲडमिट होण्याचा खर्चही विचारतात, पण त्यांचं कुटुंब मागे असेल तरच. एकटं माणूस गेलं की कुटुंबच यादीतून गेलं. मुलगा पुण्याला असेल आणि त्यानं पैसे भरले असतील तरी त्याच्या घरी गेलात तर आई "त्या चुलीवरची" नव्हती, म्हणून तिथेही बसत नाही. शेवटच्या आजाराचा खर्च सगळ्यात मोठा असतो आणि एकट्या म्हाताऱ्यांचा तो पूर्ण सुटतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या वाढतेय, तशी ही गळती वाढणार. आमच्या वेळी यावर बैठकीत बोललो होतो, पण व्याख्या बदलली तर जुन्या फेऱ्यांशी तुलना जाते, हे उत्तर मिळालं.

माधवी_ना

सगळ्यांचे आभार, बरीच माहिती मिळाली. एक राहिलं. सासूबाई दीड वर्षापासून रोज बीपीची गोळी घेतात. पंधरा दिवसांच्या आजारात ते मी सांगितलंच नाही, कारण आजारी अशा त्या नव्हत्याच. धरायला हवं होतं का?

कक्ष_सात

हो. डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळी चालू असेल तर त्या पंधरवड्यात तो आजार धरतात, त्रास होत असो वा नसो. बीपी आणि साखरेची ही गोळी असंख्य घरांत सांगायची राहून जाते. फोन नंबर ठेवून गेले असतील तर कळवा. तपासणीला वरिष्ठ येतात तेव्हाही सांगता येतं, आणि गोळीची स्ट्रिप जपून ठेवा. किंमत त्यावर असते.